शिक्का नसलेला कागद

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी १७६५ चा स्टॅम्प कायदा हाणून पाडला, त्याची हकीकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. पहिली तऱ्हा क्रमिक पुस्तकातली. लंडनच्या पार्लमेंटने जुलमी कर लादला, 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' अशी गर्जना झाली, वृत्तपत्रांनी स्वातंत्र्याची मशाल पेटवली आणि सत्ता नमली. दुसरी तऱ्हा या वीररसाला विटलेल्या जाणत्यांची. ते म्हणतात, कर होता पेन्सांत मोजण्याइतका, ज्या सैन्यासाठी होता ते सैन्यही वसाहतींच्याच रक्षणाचे, आणि आरडाओरड केली ती ज्यांच्या गल्ल्यात हात गेला त्यांनी, म्हणजे छापखानेवाले, वकील आणि व्यापारी यांनी. तत्त्वाचा अंगरखा वरून, आत नफ्याचा हिशेब. पहिली कथा आता परीक्षेपुरती उरली आहे. चार पुस्तके वाचलेला माणूस दुसरीच सांगतो, आणि सांगताना जरा हसतो. म्हणून इथे खंडन करायचे आहे ते दुसरीचे. पहिलीतले जे कच्चे आहे ते वाटेत आपोआप गळून पडेल.

पूर्वपक्ष दुबळा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, तेव्हा तो आधी पूर्ण ताकदीनिशी मांडू. १७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेले होते. फ्रेंचांकडून मिळालेला अफाट मुलूख सांभाळायला अमेरिकेत सुमारे दहा हजार शिपाई ठेवायचे ठरले. त्यांचा खर्च वर्षाला दोन लाख पौंडांच्या वर. पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांना स्टॅम्प करातून पहिल्या वर्षी सुमारे साठ हजार पौंडांची अपेक्षा होती, म्हणजे खर्चाचा एक हिस्सा फक्त. हा कर काही नवा शोध नव्हता. खुद्द इंग्लंडात १६९४ पासून दस्तऐवजांवर आणि १७१२ पासून वृत्तपत्रांवर तो चालू होता. अमेरिकेसाठीचे बरेचसे दर इंग्लंडपेक्षा कमीच ठेवले होते. एका प्रसिद्ध हिशेबानुसार त्या काळात ब्रिटनमधला माणूस वर्षाला सरासरी २६ शिलिंग कर भरत होता, तर मॅसॅच्युसेट्समधला सुमारे एक. एवढ्यावर इतका गहजब का?

दुसऱ्या कथेचे उत्तर असे की, करांच्या यादीतच मेख होती. वृत्तपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, पूर्ण तावाला एक पेनी. प्रत्येक जाहिरातीमागे दोन शिलिंग. पंचांगवजा आल्मनॅक, चोपडी, पत्त्यांचा जोड, फासे, दारूचा परवाना, खरेदीखत, मृत्युपत्र, गलबताची कागदपत्रे, कोर्टातला प्रत्येक अर्ज, सगळ्यांवर शिक्का. वकिलीच्या सनदेला दहा पौंड, पदवीच्या प्रमाणपत्राला दोन पौंड. थोडक्यात, ज्यांच्या हाती लेखणी, वाणी आणि छपाईचे यंत्र, नेमका त्यांनाच ग्रेनव्हिल यांनी चिमटा काढला. साउथ कॅरोलिनाचे वैद्य आणि इतिहासकार डेव्हिड रॅम्झी यांनी १७८९ सालीच ही गोष्ट हेरली होती. छापखानेवाले स्वातंत्र्याच्या बाजूला असतात आणि धंद्यातला नफाही ते विसरत नाहीत, म्हणून वृत्तपत्रांवर कर बसला हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे भाग्यच, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. विसाव्या शतकात आर्थर श्लेसिंजर यांच्यासारख्या अभ्यासकांनी वृत्तपत्रांची ही कामगिरी तपशिलाने मांडली. रॅम्झींचा सूर मिश्कील होता, श्लेसिंजरांचा संयत. पुढच्यांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला: आंदोलन छापखान्याच्या गल्ल्यातून निघाले.

या युक्तिवादाला चार ठिकाणी तडा जातो. पहिली जागा 'क्षुल्लक' या विशेषणाची. साप्ताहिक पत्राचा अंक पूर्ण तावाचा धरला तर वर्षाला ५२ पेन्स, म्हणजे चार शिलिंग चार पेन्स कर एका वर्गणीदारामागे होतो. फिलाडेल्फियाच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'ची वर्षाची वर्गणी होती दहा शिलिंग, आणि तीही स्थानिक चलनात. कर मात्र स्टर्लिंगमध्ये द्यायचा, आणि स्थानिक चलनाचे मोल स्टर्लिंगपेक्षा बरेच कमी होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक वर्गणी करातच जाणार. त्यात कोरा कागद लंडनमध्ये ठसा उठवून येणार, त्यामुळे तो आधी विकत घ्यायचा. वर्गणी मात्र वर्षअखेरीस वसूल झाली तर झाली. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या मजकुराला दुप्पट कर होता, आणि पेनसिल्व्हेनियात जर्मन वाचकांसाठी जर्मन पत्रे निघत होती. दर माणशी सरासरी काढून कर क्षुल्लक ठरवणाऱ्यांनी सरासरी हे कुठल्याही एका माणसाचे बिल नसते, एवढे लक्षात ठेवायला हवे होते.

कुणी म्हणेल, यातून पूर्वपक्षच बळकट झाला. कर छपाईवर भारी होता, म्हणजे छापखानेवाले पोटासाठी उठले हे अधिकच खरे. हेतूपुरते मी हे मान्य करतो. पण हेतू असणे आणि त्या हेतूने कृती घडणे यांत अंतर आहे. ते अंतर छापखानेवाल्यांच्या वागण्यावरूनच मोजता येते.

हीच तड्याची दुसरी जागा. त्या काळचा अमेरिकेतला सर्वांत नामवंत मुद्रक म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. ते तेव्हा लंडनमध्ये पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी म्हणून होते. त्यांनी कायद्याला हरकत घेतली, पण तो होणारच असे दिसताच जुळवून घेतले आणि पेनसिल्व्हेनियाच्या शिक्का-वितरकाच्या, म्हणजे शिक्क्याचा कागद विकणाऱ्या अधिकाऱ्याच्या, जागेसाठी आपले मित्र जॉन ह्यूज यांचे नाव सुचवले. परिणाम असा की सप्टेंबर १७६५ मध्ये फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिनांच्या घरावर जमाव येणार अशी हूल उठली आणि त्यांच्या पत्नीला नातेवाइकांसह बंदुका घेऊन घर राखावे लागले. त्यांचे भागीदार डेव्हिड हॉल यांना एकीकडे वर्गणीदार सुटण्याची भीती, दुसरीकडे कायद्याची. नोव्हेंबरात त्यांनी 'गॅझेट' काढले ते नेहमीच्या नावाशिवाय, डोक्यावर शिक्क्याचा कागद मिळत नाही अशी ओळ घालून. हा वीराचा पवित्रा नव्हे. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्या सावध धंदेवाल्याचा आहे.

चार्ल्सटनच्या पीटर टिमथी यांनी 'साउथ कॅरोलिना गॅझेट' बंदच केले. त्याच शहरात चार्ल्स क्राउच यांनी डिसेंबरात शिक्क्याविना नवे पत्र काढले आणि लोकांनी ते उचलून धरले. आपण प्रांतातल्या सर्वांत लोकप्रिय माणसाचे सर्वांत नावडते झालो, अशी तक्रार टिमथी यांनी पुढे फ्रँकलिनांना लिहिलेल्या पत्रात केली. जॉर्जियाचे पत्र बंद पडले, क्वेबेकचेही. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री यांनी मे १७६५ च्या अखेरीस विधानसभेत गाजवलेले या कराविरुद्धचे ठराव व्हर्जिनियाच्याच पत्राने छापले नाहीत. ते पहिल्यांदा छापून आले दूर ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टमध्ये, २४ जूनला. न्यूयॉर्कच्या जॉन होल्ट यांना तर निनावी चिठ्ठी आली: या ऐन वेळी छापखाना बंद केलात तर घराची, मालाची आणि स्वतःच्या जिवाची आशा सोडा. होल्ट यांनी पत्र चालू ठेवले. बॉस्टनचे बेंजामिन ईड्स हे मात्र आंदोलनाच्या गुप्त मंडळातच होते. त्यांच्यासारखे धीट मुद्रक होतेच, पण ते नियम नव्हेत.

एकूण चित्र असे दिसते की बहुतेक छापखानेवाले मागे रेंगाळत होते आणि त्यांना पुढे ढकलत होते वाचक. पोटाचा हिशेब हेच चालक बळ असते तर ज्यांचे पोट सर्वांत आधी मारले जाणार ते सर्वांत आधी उठले असते. पहिल्या कथेतली मशालही इथेच विझते. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य जपण्यासाठी हा लढा झाला म्हणावे, तर लढणाऱ्यांनी मुद्रकाला काय छापायचे आणि कधी छापायचे हे दमदाटीने सांगितले होते. सर्व पक्षांना खुले असल्याचे सांगणारा मुद्रक हे त्या काळाचे जुने धंदेवाईक वळण. या आंदोलनाने ते मोडले. हेन्री यांच्या ठरावांपैकी मंजूर न झालेलेही मंजूर झाल्यासारखे छापून गेले, हेही विसरू नये.

तिसरी जागा मला सर्वांत निर्णायक वाटते. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये १७६५ साली पुतळे टांगले गेले, त्याच मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने १७५५ साली, युद्धखर्चासाठी, स्वतःच एक स्टॅम्प कर बसवला होता. त्यात वृत्तपत्रेही होती, आणि दर होता अर्धा पेनी. लगोलग न्यूयॉर्कच्या विधानसभेनेही तसाच कर बसवला. मुद्रक कुरकुरले असतील, पण कुणाचे घर फुटले नाही, कुणा वितरकाने राजीनामा दिला नाही, आणि मुदत संपल्यावर कर गेला. तोच प्रांत, तेच मुद्रक, तोच कागद, जवळजवळ तोच दर. दहा वर्षांत बदलले ते इतकेच की शिक्का कोण मारतो. नफ्याच्या सिद्धांताला हा फरक दिसूच शकत नाही. त्याच्या वहीत दोन्ही नोंदी जवळजवळ सारख्याच.

चौथी जागा कॅरिबियन बेटांची. कायदा तेरा वसाहतींपुरता नव्हता. तो नोव्हा स्कोशियापासून बार्बाडोसपर्यंत सर्वांना लागू होता. सेंट किट्स आणि नेव्हिस इथे दंगली झाल्या आणि शिक्क्याचा कागद जाळला गेला. पण जमैका आणि बार्बाडोसने कर भरला. जेवढा काही कर शेवटी गोळा झाला त्यात जमैकाचा वाटा सर्वांत मोठा होता. जमैकाच्या साखरमळेवाल्यांना पैशाची किंमत कळत नव्हती असे नाही. पण त्यांची साखर इंग्लंडच्या संरक्षित बाजारावर जगत होती, आणि गुलामांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पट असलेल्या बेटावर राजाचे शिपाई ही त्यांना चैन नव्हती, गरज होती. लंडनच्या अधिकाराशी भांडणे त्यांना परवडणारे नव्हते. कर तोच असताना एका ठिकाणी तो भरला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी फेटाळला जातो, याचे उत्तर कराच्या आकड्यात सापडत नाही; सत्तेशी असलेल्या नात्यात सापडते.

इथे पहिल्या कथेच्या घोषणेचाही निकाल लावून टाकू. 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' यावरून वसाहतींना पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या असे सर्रास समजले जाते. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी चौदा ठराव केले. त्यांतला चौथा स्पष्ट सांगतो की आम्हांला कॉमन्स सभेत प्रतिनिधित्व नाही आणि अंतर व परिस्थिती पाहता ते असू शकतही नाही. म्हणजे जागा मागितल्याच नव्हत्या. मागणी होती ती कर बसवण्याचा अधिकार आमच्याच विधानसभांचा, एवढी.

ग्रेनव्हिल यांचे सहकारी टॉमस व्हेटली यांचे म्हणणे होते की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही खासदार नाहीत, तरी पार्लमेंट सगळ्यांचेच प्रतिनिधित्व करते. मेरीलँडचे वकील डॅनियल ड्यूलनी यांनी त्याच साली त्याला दिलेले उत्तर मोठे मार्मिक होते. मताधिकार नसलेला बर्मिंगहॅमचा माणूस आणि मताधिकार असलेला शेजारच्या गावचा माणूस एकच कर भरतात. एकाला डोईजड झालेला कर दुसऱ्यालाही जड होतो, म्हणून एकाच्या हाती दुसऱ्याचे हित सुरक्षित राहते. अमेरिकेवर बसवलेला कर मात्र इंग्लंडच्या मतदाराचा भार हलका करतो. तिथे हितसंबंध एक नाहीत, उलटे आहेत. हे लिहिणारे ड्यूलनी बंडखोर नव्हते; पुढे स्वातंत्र्ययुद्धाला त्यांनी साथ दिली नाही. तत्त्व हा केवळ नफ्यावर चढवलेला पोशाख असेल, तर ज्याला बंडाचा नफा नको होता त्याने तो शिवावा कशाला?

खंडन इथे पुरे झाले. पण तत्त्व खरे होते एवढे सिद्ध करून थांबलो तर आपण पहिल्या कथेच्या दारात परत येतो. सिद्धांतपक्ष वेगळा आहे, आणि तो या कराच्या कारागिरीत दडलेला आहे.

स्टॅम्प कराचे वैशिष्ट्य असे की तो वसूल करायला दारोदार माणूस हिंडावा लागत नाही. शिक्का नसेल तर दस्त निकामी ठरतो, एवढीच त्याची यंत्रणा. आपल्याकडे स्टॅम्प शुल्क न भरलेला करार ते शुल्क आणि दंड भरल्याशिवाय कोर्टात पुरावा म्हणून दाखल होत नाही, आणि म्हणून कुणी न सांगता आपण स्टॅम्पपेपर आणतो. त्याच घराण्याची ही पद्धत आहे. ग्रेनव्हिल यांना हा कर पसंत पडला तो याच गुणामुळे: थोडे अधिकारी, थोडा खर्च, आणि लोक आपल्याच गरजेपोटी येऊन भरतात. पण या गुणाची दुसरी बाजू त्यांनी पाहिली नाही. ज्या कराचे सगळे बळ शिक्क्याविना कागद निकामी या समजुतीवर उभे आहे, तो कर लोकांनी ती समजूत सोडताच कोसळतो. मिठावरच्या किंवा साखरेवरच्या जकातीत गोदामाला कुलूप लावता येते. इथे कुलूप लावायला काही नाही. समाजाने शिक्का नसलेल्या कागदावर जमीन विकली, गलबत सोडले, निकाल दिला, बातमी वाचली, की संपले.

म्हणून १७६५ च्या ऑगस्टातले प्रसंग प्रसिद्ध असले तरी निर्णायक नव्हेत. १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला गेला, एबेनेझर मॅकिन्टॉश या चांभाराच्या पुढारीपणाखाली जमाव चालून गेला, दुसऱ्या दिवशी ऑलिव्हर यांनी जागा सोडली. २६ ऑगस्टला उपगव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे घर अक्षरशः सोलून काढले. सप्टेंबरात कनेक्टिकटचे जेरेड इंगरसॉल घोडेस्वारांच्या गराड्यात सापडले आणि राजीनामा देऊन सुटले. कायदा लागू होण्याचा दिवस, १ नोव्हेंबर, उजाडेपर्यंत बहुतेक वितरकांनी पदे टाकली होती. पण दंगलीने फक्त पोकळी निर्माण केली. तिच्यात काय भरायचे, हा प्रश्न उरलाच.

मार्ग दोन होते. एक, सगळे व्यवहार बंद ठेवायचे. कर भरायचा नाही, पण शिक्क्याविना काही करायचेही नाही. हा मार्ग सुरक्षित होता, आणि अनेकांच्या सोयीचाही. कोर्टे बंद म्हणजे सावकाराची फिर्याद बंद, हे कर्जबाजारी मळेवाल्यांना नको थोडेच होते! पण त्यात कायद्याची कबुली होती. शिक्का नाही म्हणून व्यवहार नाही, असे म्हणणारा शिक्क्याची गरज मान्यच करतो. दुसरा मार्ग व्यवहार चालू ठेवण्याचा, शिक्क्याकडे पाहायचेच नाही. यात कबुली नव्हती, आणि म्हणूनच धोका होता. शिक्का बुडवल्याचे खटले ज्यूरीविना चालणाऱ्या आरमारी न्यायालयात जाऊ शकत होते.

पुढच्या चार महिन्यांत वसाहती अडखळत, कुरकुरत, एकेक करून दुसऱ्या मार्गाला लागल्या. व्हर्जिनियात नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जकात अधिकाऱ्यांनी गलबतांना शिक्क्याविना परवाने दिले, शिक्क्याचा कागद उपलब्ध नाही असा दाखला जोडून. राजाचा नोकर राजाचा कायदा आज अमलात येऊ शकत नाही हे सहीनिशी लिहून देतो, हे दृश्य कुठल्याही पुतळादहनापेक्षा मोठे होते. डिसेंबरात फिलाडेल्फिया, बॉस्टन आणि न्यूयॉर्कची बंदरे उघडली. धक्क्यावर अडकलेली गलबते आणि बेकार बसलेले खलाशी हेही त्यामागचे कारण होते. ऱ्होड आयलंडच्या गव्हर्नरांनी कायदा राबवण्याची शपथच घेतली नाही आणि तिथली कोर्टे चालू राहिली. मेरीलँडच्या फ्रेडरिक परगण्यातल्या न्यायाधीशांनी नोव्हेंबरात शिक्क्याविना कामकाज चालवण्याचा हुकूम केला. कारकुनाने नकार दिला तेव्हा त्यालाच अवमानासाठी धरले, मग तो वळला. फेब्रुवारी १७६६ मध्ये व्हर्जिनियाच्या नॉर्थॅम्प्टन परगण्याच्या कोर्टाने कायदा घटनाबाह्य आणि म्हणून बंधनकारक नाही असे नोंदवले.

वृत्तपत्रांचे स्थान या रांगेत आहे. ॲनापोलिसच्या जोनास ग्रीन यांनी 'मेरीलँड गॅझेट' मरणपंथाला लागल्याचे जाहीर केले होते. डिसेंबरात त्यांनी त्याच पत्राचे भूत म्हणून एक अंक काढला. विनोद बाजूला ठेवला तरी त्या अंकाचा अर्थ तोच होता जो बंदरातल्या परवान्याचा: शिक्का नाही, तरीही हा खरा. छापखाना या लढ्याचा सेनापती नव्हता. तो अनेक शिपायांपैकी एक होता, एवढेच की त्याची कृती दर आठवड्याला हजारो हातांत पोचत होती. जमीन विकण्याचा प्रसंग माणसाला दहा वर्षांत एकदा यायचा, वृत्तपत्र मात्र दर आठवड्याचे. त्यामुळे शिक्का नसलेल्या कागदावर विश्वास ठेवण्याची सवय लोकांना लागली ती प्रामुख्याने तिथे. छपाईवरच्या कराचे महत्त्व इथे आहे, मुद्रकाच्या नफ्यात नाही.

कायदा रद्द होण्याचे श्रेय सहसा बहिष्काराला दिले जाते. न्यूयॉर्कच्या दोनशेहून अधिक व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न मागवण्याचा करार केला तो ३१ ऑक्टोबरला, फिलाडेल्फियाने नोव्हेंबरात, बॉस्टनने डिसेंबरात. फेब्रुवारीत कॉमन्सने कायदा रद्द करण्याच्या बाजूने २७५ विरुद्ध १६७ मते दिली. अटलांटिक ओलांडायला सहा-आठ आठवडे लागण्याच्या काळात हे करार इतक्या लवकर बाजार बुडवू शकत नव्हते. युद्धानंतरची मंदी आधीपासूनच होती. बहिष्काराने, ग्रेनव्हिल यांच्यानंतर आलेल्या रॉकिंगहॅम मंत्रिमंडळाला सन्मानाने माघार घ्यायला निमित्त आणि व्यापाऱ्यांचे अर्ज पुरवले, हे खरे. पण पार्लमेंटपुढचा खरा प्रश्न असा होता की, जो कायदा पलीकडे बंदरे, कोर्टे आणि छापखाने मानत नाहीत तो बंदुकीने मानायला लावायचा का. तिथे मेलेल्या कायद्याची नोंद १८ मार्च १७६६ ला लंडनने केली.

आणि त्याच दिवशी लंडनने दुसरा एक कायदा केला: वसाहतींवर सर्व बाबतींत कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. त्यातून एक पेनीही मिळणार नव्हता. भांडण पेनीचे असते तर हा कायदा कशाला हवा होता? पैसे सोडले, हक्क ठेवला. वाद कशाचा आहे हे पार्लमेंटला पक्के ठाऊक होते.

कागदाला खरेपणा कोण देतो हा प्रश्न त्या वर्षी एकट्या बॉस्टनला पडला होता असेही नाही. बॉस्टनमध्ये पुतळा टांगला गेला त्याच्या दोन दिवस आधी, १२ ऑगस्ट १७६५ ला, ईस्ट इंडिया कंपनीने बादशहा शाहआलमकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी घेतली. बक्सरच्या लढाईनंतर सैन्य कंपनीकडे होते, बादशहाकडे उरले होते ते नाव. तरीही कंपनीला त्याच्या मोहरेचे फर्मान हवे होते, कारण रयत, जमीनदार आणि अंमलदार यांच्या लेखी महसुलाचा हक्क त्या मोहरेतून येत होता. जिंकणारालाही दुसऱ्याच्या शिक्क्याची गरज भासते, यावरून शिक्क्याचे वजन पैशात मोजण्यासारखे नाही हे ध्यानात यावे.

माझ्या मांडणीवर एक रास्त आक्षेप येईल: मग हे सगळे उदात्त होते का? मुळीच नाही. हचिन्सन यांच्या घरातली लूट लूटच होती. बंद कोर्टांचा फायदा कर्जदारांनी घेतला. आणि ज्या समाजाने शिक्का नसलेला कागद खरा मानला, त्याच्याच कागदांत माणसांची खरेदीखते होती. शिक्क्याविना निघालेल्या पत्रांत पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत होत्या. जानेवारी १७६६ मध्ये चार्ल्सटनच्या रस्त्यावर काळ्या गुलामांनीही स्वातंत्र्याचा पुकारा केला, तेव्हा घाबरून शहर शस्त्रे घेऊन उभे राहिले. कागद खरा ठरवण्याची ताकद वसाहतींनी लंडनकडून स्वतःकडे घेतली. ती कुणाकुणात वाटायची हे मात्र त्यांनी ठरवून टाकले होते. हा दोष मोठा आहे. पण तो 'सगळे पैशासाठी' या वाक्याने समजत नाही. सत्तेची मालकी कुणाकडे होती हे विचारल्यावरच समजतो.

उरतो तो दुसऱ्या कथेचा अभिमान, की आपण भाबडेपणा टाकून नवे काही सांगतो आहोत. ती नवी नाही. वसाहतवाल्यांची तक्रार रकमेची आहे, किंवा फार तर वसुलीच्या पद्धतीची, हे तेव्हाच्या लंडन सरकारचेच मत होते. त्या मतावर विसंबून अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी १७६७ साली काच, शिसे, रंग, चहा आणि पुन्हा कागद यांवर बंदरात घ्यायची जकात बसवली. वसाहती परत उठल्या, आणि १७७० मध्ये चहा सोडून सगळे कर मागे घ्यावे लागले. त्यानंतर १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत थेट विकू देण्याचा कायदा झाला. कर होता पौंडाला तीन पेन्स, आणि तो धरूनही हा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. माणसे खिशावर चालतात, तेव्हा स्वस्त चहा ती आनंदाने पितील, असा हिशेब होता. १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनने तो चहा समुद्रात ओतला. नफ्याच्या सिद्धांताची यापेक्षा कडक परीक्षा कुठल्याही इतिहासकाराला घेता आली नसती, आणि तिच्यात तो नापास झाला.